वाढ अठरा

सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला हवालदाराला पहिल्यांदा वास आला, आणि त्यानं तो कुणालाही सांगितला नाही.

हवालदार म्हणजे पोलिसातला नव्हे. पाव फुगवायला जे यीस्ट लागतं ते तयार करणाऱ्या कारखान्यात तो मोठ्या टाकीवर कामाला होता. दोन मजले उंच स्टीलची टाकी. आत पाण्यात यीस्टच्या पेशी, डोळ्यांना दिसणार नाहीत आणि मोजून संपणार नाहीत अशा. खालून ब्लोअरची हवा बुडबुडत वर यायची आणि वरून पातळ केलेली मळी सुटायची. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर मागे उरतो तो काळा, चिकट रस. त्यातही पुष्कळ साखर शिल्लक असते. ती खाऊन, हवा घेऊन पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जायच्या आणि चौदा तासांनी त्यांना गाळून, दाबून त्यांच्या वड्या पाडायच्या. हवेचा व्हॉल्व्ह आणि मळीचा व्हॉल्व्ह, दोन्ही याच्या हाताखाली. ‘हवा ज्याच्या ताब्यात तो हवालदार,’ असं पॅकिंगमधल्या कुणीतरी दहा वर्षांपूर्वी म्हटलं आणि ते जे चिकटलं ते मळीसारखं चिकटलं.

वास दारूचा होता.

यीस्ट आणि दारू यांचं नातं काय ते त्याला माहीत नव्हतं असं नाही. हवा कमी पडली की पेशी साखरेची दारू करतात, हे तिथे कँटीनवाल्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर हवेवर अख्खा माणूस बसवलेला. पण हवेचा काटा जिथे असायला हवा तिथेच होता. ब्लोअर रोजच्यासारखा गुरगुरत होता. त्यानं खाली जाऊन पाइपावर हात ठेवून पाहिला, थरथर बरोबर होती. टाकीतून बाहेर पडणाऱ्या हवेतली दारू मोजणारा एक मीटर होता, पण तो महिनाभर दुरुस्तीला गेलेला. तेव्हा उरलं ते नाक.

आणि नाकावर त्याचाच भरवसा नव्हता.

चौदा महिने झाले होते त्याला दारू सोडून. पहिले सहा महिने त्याला कुठेही वास यायचा. रंगाच्या दुकानापुढून जाताना यायचा, जास्त पिकलेल्या केळ्यांना यायचा, लेक ठकी जन्मली तेव्हा नर्सनं हात पुसले त्या कापसालाही आला होता. हळूहळू ते कमी होत गेलं. आता सोमवारी पुन्हा आला तेव्हा त्याला वाटलं, वास टाकीत नाही, आपल्यातच आहे. परत सुरू झालं. कुणाला सांगायचं? ‘साहेब, दारूचा वास येतोय,’ असं हवालदारानं म्हणायचं, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं?

त्यानं हवा थोडी वाढवली आणि गप्प बसला.

त्याच दिवशी नवीन मॅडम रुजू झाल्या होत्या. प्रयोगशाळेतले काका शनिवारी निवृत्त झाले. हार, नारळ, भाषण, सगळं झालं. काका होते तोवर कागदाचं काम कमी आणि तोंडाचं जास्त. टाकीतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते प्रयोगशाळेच्या जिन्यात यायचे आणि ओरडायचे, “हवालदार, पोरं भुकेली आहेत, वाढ दहा!” म्हणजे मळी तासाला दहा लिटरनं जास्त सोड. पेशींना ते पोरंच म्हणायचे, आणि मळी सोडणं म्हणजे पंगतीत वाढणं. वीस वर्षं हा कारभार असाच चालला आणि नीट चालला.

मॅडम वयानं लहान, चष्मेवाल्या, आवाज बारीक. जिन्यात येऊन ओरडतील असं वाटत नव्हतंच. त्यांनी पहिल्याच दिवशी टाकीच्या खांबावर छापील तक्ता लावला. वेळ, तापमान, हवा, मळी आणि शेवटचा रकाना वाढ. “पहिले चार तुम्ही भरा हं, काका,” त्या हवालदाराला म्हणाल्या. तो चाळिशीच्या अलीकडचा. काका म्हटल्यावर जरा दचकलाच. “शेवटचा मी भरेन. दर दोन तासांनी.”

दहाला त्यांनी येऊन लिहिलं : वाढ १८.

बाराला लिहिलं : वाढ २१.

हवालदारानं दोन्ही वेळा मुकाट्यानं मळी तेवढी वाढवली. मनाला एवढंच लागलं, की ही बाई तोंडानं ‘तुम्ही, अहो, काका’ करते आणि कागदावर सरळ ‘वाढ’ म्हणून अरे-तुरे करते. पण शिकलेल्या माणसांची पद्धत असेल, म्हणून सोडून दिलं.

दोनला पाळी संपली. तो घरी आला.

घर म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खिडकीत शिलाईचं मशीन. बायको शाळेचे गणवेश शिवायची. दिवसभर तिच्या गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या, आणि पायाशी सतरंजीवर नऊ महिन्यांची ठकी, रिकाम्या रिळांशी खेळत. त्यानं दारातच ठकीला उचलायला हात पुढे केले. बायकोनं मान वर केली, नाक किंचित आत ओढलं आणि मशीन थांबवलं.

“अंघोळ करा आधी,” ती म्हणाली.

करा. एरवी ती त्याला तू म्हणायची. लग्न झाल्यापासून. ‘तुम्ही’ फक्त सासरची माणसं आली की, किंवा मग हे असं.

ठकीच्या जन्माच्या वेळी त्यांच्यात एकच गोष्ट ठरली होती, तीही तिनंच ठरवली होती. “पुन्हा वास आला तर मी भांडणार नाही, विचारणार नाही, रडणार नाही,” ती म्हणाली होती. “हिला उचलीन आणि आईकडे जाईन. तुला कारण सांगायची संधीही देणार नाही, कारण कारणं मी ऐकलीत.” त्यानं मान हलवली होती. ठीकच होतं ते.

म्हणजे वास तिलाही आला होता. म्हणजे तो नाकात नव्हता, कपड्यांत होता. खरं तर याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण अंगावर पाणी घेताना त्याच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. हवा पुरेशी आहे. दारू होतेय. हवा पुरेशी असताना दारू होत नाही. तरी होतेय.

मंगळवारी त्यानं सकाळपासूनच हवा जास्त ठेवली. दहाला मॅडमनी लिहिलं : वाढ २२. चेहरा खुललेला. “छान चाललंय,” त्या म्हणाल्या. त्यानं बावीस वाढवले. बाराला : वाढ २४. त्यानं चोवीस वाढवले. साडेबाराला टाकी फेसाळली. वरच्या झाकणातून तपकिरी फेस भसाभसा बाहेर आला, जिन्यावरून ओघळला आणि फेस मारायचं तेल ओतायला धावलेल्या हवालदाराच्या डोक्यापासून बुटापर्यंत उतरला. खालून पॅकिंगमधला तोच विनोदी माणूस ओरडला, “हवालदार, दाढी करून घ्या, फुकट आहे!”

त्या फेसाला जो वास होता त्याबद्दल आता शंका नव्हती.

नंतर नमुन्याच्या नळाखाली त्यानं काचेचं भांडं धरलं. ते प्रयोगशाळेत द्यायचं होतं, बस्स. नळ बंद करून तो उभा राहिला. आसपास कुणी नव्हतं. त्यानं भांडं तोंडाशी नाही, नाकाशी नेलं. मग तिथेच राहू दिलं. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. ब्लोअरचा आवाज ऐकू यायचा थांबला होता एवढं आठवतं. मग त्यानं भांडं बाकावर ठेवलं आणि तिकडे पाठ करून ओल्या बुटांनी जिना उतरला.

साहेब आले, फेस बघितला, म्हणाले, “हवा कमी पडली असणार.”

“काटा बघा ना साहेब. जास्तच आहे.”

“मग काटा बिघडला असेल. ब्लोअर उघडा.”

ब्लोअर उघडला. आत काही नव्हतं. बंद केला. संध्याकाळच्या पाळीनं जी भट्टी, म्हणजे टाकीतली त्या दिवसाची खेप, काढली ती रोजच्या निम्मी भरली. मळी भरपूर गेलेली, हवा भरपूर गेलेली, सुरुवातीला पेशी दणादण वाढलेल्या, आणि शेवटी हातात आलं निम्मं यीस्ट.

घरी त्या दिवशी बायकोनं काहीच म्हटलं नाही. अंघोळ करा असंही नाही. त्यानं बाहेरच्या नळावर कपडे धुतले, दोनदा, आणि वर येऊन बघतो तर तिनं आपली निळी बॅग माळ्यावरून काढून पुसायला घेतली होती. तिची चेन तुटलेली होती. ती उसवून नवीन चेन बसवत होती. सावकाश, बारीक टाके घालून.

“उद्या भाऊ येणार आहे,” ती म्हणाली. “पाचला.”

बुधवारी सकाळी सहाला तो टाकीवर गेला तो थेट प्रयोगशाळेच्या जिन्याशी. मॅडम अजून यायच्या होत्या. तो पायरीवर बसून राहिला. आठला त्या आल्या तेव्हा उठला आणि म्हणाला, “मॅडम, सोमवारपासून वास येतोय. दारूचा. मी सांगितलं नाही.”

“सोमवारपासून?” त्यांनी पर्स तशीच खांद्याला ठेवून त्याच्याकडे पाहिलं. “आणि का नाही सांगितलं?”

“मी आधी प्यायचो,” तो म्हणाला. “मला वाटलं माझंच नाक.”

मॅडम आत गेल्या, मंगळवारच्या नमुन्यातली दारू मोजली, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा त्याच्याइतकाच गोंधळलेला होता. “नाक चांगलं आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “पण हवा तर... चला, तक्ता बघू.”

दोघं खांबापाशी उभे राहिले. मॅडमचं बोट मळीच्या रकान्यावरून खाली खाली गेलं आणि थांबलं. दोन दिवस त्यांचे डोळे हवेच्या रकान्यावर होते, सगळ्यांचेच होते.

“काका, मळी एवढी कशी गेली? तुम्हाला कुणी सांगितलं सोडायला?”

“तुम्हीच.”

“मी?”

“लिहिलंय की.” त्यानं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “वाढ अठरा. वाढलं अठरा. वाढ एकवीस. एकवीस.”

मॅडम तक्त्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“अहो, ती वाढ,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “पेशींची वाढ. तासाला अठरा टक्के वाढल्या, असं मी लिहीत होते.”

“पेशी वाढल्या?”

“हो.”

“मला वाटलं, तुम्ही मला सांगताय. वाढ म्हणून.”

“मी तुम्हाला ‘वाढ’ कशी म्हणेन?”

“तेच मला वाटलं होतं,” हवालदार म्हणाला. “की तोंडानं अहो आणि कागदावर अरे.”

मॅडमना हसू आलं, मग लगेच रडू येईल असं वाटलं, मग दोन्ही आवरून त्या जिन्यावरच बसल्या. पहिल्या आठवड्यात दोन भट्ट्या वाया. पेशी जोरात वाढतायत म्हणून त्या मोठे आकडे लिहीत होत्या, आणि मोठे आकडे बघून हा आणखी मळी सोडत होता.

“पण एक कळत नाही,” हवालदार म्हणाला. तो उभाच होता. “मळी जास्त झाली, ठीक. पण हवा होती ना? हवा मी कमी पडू दिली नाही. मग दारू का?”

“तेच. सगळ्यांना वाटतं हवा नसली की दारू. ते आहेच. पण या पेशींची आणखी एक खोड आहे.” त्यांनी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं एक गोल काढला. “ही पेशी. आत जीन्स आहेत, म्हणजे काय काय बनवायचं ते लिहून ठेवलेलं. हवा वापरून साखर पुरती जाळायची तर बरीच यंत्रं बनवावी लागतात. साखर थोडी थोडी येत असली की पेशी ती बनवते. साखर एकदम खूप आली की एक प्रथिन आत जाऊन त्या जीन्सवर बसतं. मग ते लिहिलेलं वाचलंच जात नाही. यंत्रं बनत नाहीत, जुनी पुरत नाहीत. पेशी म्हणते, एवढं गोड समोर आहे, कशाला मेहनत? अर्धवट मोडते, दारू करून टाकते. आणि भराभर वाढते, म्हणून तर मी फसले.”

“पण हवा आहे हे तिला कळतं?”

“कळतं. हवा नसली तर आणखी वेगळी जीन्स चालू होतात. म्हणजे हवा आहे-नाही हे तिला पक्कं कळतं.”

“तरी घेत नाही.”

“घ्यायला आत काही तयारच नसतं, काका.”

हवालदारानं टाकीकडे पाहिलं. दहा वर्षं तो हवा देत आला होता. आपण हवा दिली की झालं, असं त्यानं धरलं होतं. आता त्याला कळेना, की आपल्याला समजलं की आणखीच समजेनासं झालं.

“आणि साखर काढून घेतली तर?” त्यानं विचारलं.

“तर काही वेळ अडतात. वाढतच नाहीत, नुसत्या बसून राहतात. ती जीन्स उघडायला, यंत्रं बनायला वेळ लागतो. मग हळूहळू केलेली दारूच खायला लागतात, हवेबरोबर.”

“स्वतः केलेली?”

“स्वतः केलेली.”

दोघांनी मिळून साहेबांना सांगितलं. साहेब दोघांनाही बोलले, मग तक्त्यावरचा शब्द पाहून त्यांचंही तोंड उघडं राहिलं. मॅडमनी ‘वाढ’ खोडून तिथे ‘पेशींची टक्केवारी’ असं लिहिलं. हवालदाराला यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

अडीचला तो घरी पोचला. बॅग दाराशी होती, नवीन चेन बंद. ठकी पाळण्यात झोपलेली. बायको मशीनवर, ओठांत टाचण्या.

“मला बोलायचंय.”

“मी विचारलेलं नाही काही,” टाचण्यांतून आवाज आला.

“नको विचारू. मी सांगतो.”

आणि त्यानं सांगितलं. सुरुवात फेसापासून केली, मग मागे जाऊन काकांपासून, मग मधेच पेशींपासून. तिनं टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. शेवटी मशीनवर कोपर टेकवून बसली.

“थांबा,” ती म्हणाली. “त्या बाईनं लिहिलं वाढ. आणि तुम्ही वाढलंत.”

“हो.”

“कुणाला?”

“पेशींना.”

“आणि त्यांना जास्त झालं.”

“साखर जास्त झाली.”

“पण तुम्हीच सांगायचात, हवा कमी पडली की दारू होते. आता म्हणता हवा होती.”

“होती. पण साखर खूप असली की ते... आत एक लिहिलेलं असतं, त्याच्यावर कोणीतरी बसतं.”

“कोण बसतं?”

“प्रथिन.” त्याला घाम फुटला. “म्हणजे, हवा घ्यायची यंत्रं असतात, ती बनत नाहीत. हवा आहे हे माहीत असतं त्यांना. तरी घेता येत नाही.”

खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं.

“आणखी?” तिनं विचारलं.

हा प्रश्न त्याला नको होता. तो पाळण्याच्या दोरीकडे बघत म्हणाला, “प्यायलो नाही. पण मंगळवारी भांडं नाकाशी धरलं होतं. नमुन्याचं. गरज होती त्यापेक्षा जास्त वेळ धरलं.”

“मग?”

“मग ठेवलं. पाठ केली आणि खाली आलो.”

तिनं डोळे मिटले आणि उघडले. टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, परत सोडली.

“मला यातलं काहीही कळलं नाही,” ती म्हणाली. “पण तू प्यायचास तेव्हाची तुझी खोटी कारणं मला पाठ आहेत. मित्राला मुलगा झाला. साहेबांनी आग्रह केला. पाहुणे आले. सगळी एका वाक्यात संपायची. इतकं अवघड खोटं रचणं तुझ्यानं व्हायचं नाही.”

हे आपल्याला चांगलं म्हणाली की वाईट, ते त्याला कळेना. त्याच गोंधळात ठकी जागी झाली. बायको उठली नाही. म्हणून तो उठला, वास येतोय का ते स्वतःच्याच बाहीला हुंगून बघितलं, आणि तिला उचलून घेतलं.

मेहुणा बरोबर पाचला आला. त्यानं बॅग बघितली, बहिणीकडे बघितलं, मग ठकीला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या दाजींकडे बघितलं आणि नाक उडवलं. वास अजून होताच, बुटांना.

“चल, गाडी खाली आहे,” तो बहिणीला म्हणाला.

“मी येत नाही. बस, चहा टाकते.”

“येत नाही? अगं, फोनवर तर...”

“ते वेगळं निघालं. कारखान्यातलं आहे. यीस्ट असतं ना, पावातलं, त्याला साखर फार वाढली गेली. मग त्याला हवा सोसत नाही.”

“कुणाला?”

“पेशींना. आत एक जण असतो, तो साखर बघून दिवे मालवतो. मग त्या दारू करतात. नंतर शुद्धीवर आल्या की स्वतःच पिऊन टाकतात.”

“पावात?” मेहुणा म्हणाला.

“पावात नाही रे, टाकीत! तुला नाही कळायचं.”

हवालदाराच्या ओठांवर आलं होतं, की सोसत नाही असं नाही, आणि दिवे नाहीत, आणि शुद्धीवर म्हणजे तसं नव्हे. ठकीनं त्याची कॉलर तोंडात घालून चोखायला सुरुवात केली होती. मेहुणा त्याच्याकडे वळला.

“दाजी, खरं काय ते तुम्ही सांगा.”

आतून बायकोनं गॅस पेटवल्याचा आवाज आला, आणि मग ती उत्तराची वाट बघत थांबल्यासारखी शांतता.

“ती सांगते तसंच,” हवालदार म्हणाला. “जवळजवळ तसंच.”